‘बसत नाही’ की ‘बसवत नाही’? : अकॅथिसिया ओळखायला लागलेले दोन दिवस

हे प्रकरण मनोरुग्ण परिचर्येच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलं आहे. अकॅथिसिया म्हणजे बहुधा औषधामुळे होणारी आतली तगमग, जिच्यामुळे माणसाला एका जागी बसवत नाही. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून वय आणि घरचे तपशील बदलले आहेत. औषधं, मात्रा, दिवसांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत. यातली पहिली चूक माझी आहे, त्यामुळे तटस्थपणे लिहिल्याचा आव आणत नाही.

पार्श्वभूमी

रुग्ण सव्वीस वर्षांचा तरुण. मानसिक आजाराचा हा पहिलाच झटका, आणि याआधी कोणतंही अँटिसायकोटिक, म्हणजे भास-भ्रमांवरचं, औषध त्याने घेतलेलं नव्हतं. दोन महिन्यांपासून त्याच्या हालचालींवर टीका करणारे आवाज त्याला ऐकू येत होते. शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात अशी त्याची खात्री झाली होती. जेवण कमी झालं होतं, झोप जवळजवळ नव्हतीच.

भरतीच्या वेळी त्याच्या भावाने सांगितलेलं एक वाक्य केसपेपरवर आहे: “खोलीचं दार लावून तासन्‌तास एका जागी बसून असतो.” हे वाक्य लक्षात ठेवा. आम्ही ते ठेवलं नाही.

उपचार त्याच संध्याकाळी सुरू झाले. हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ दिवसातून दोनदा तोंडाने, रात्री लोराझेपाम (शांत करणारं, झोप आणणारं औषध) २ मिग्रॅ. शिवाय एसओएस म्हणून, म्हणजे गरज पडली तरच द्यायला, हॅलोपेरिडॉल ५ मिग्रॅ आणि प्रोमेथाझिन ५० मिग्रॅ स्नायूत, “रुग्ण प्रक्षुब्ध झाल्यास”. प्रक्षुब्ध म्हणजे नेमकं काय, हे लिहिलेलं नव्हतं. ते सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. तो निर्णय रात्री साडेअकराला ड्यूटीवर असलेली परिचारिका घेते.

पहिल्यांदाच अँटिसायकोटिक घेणाऱ्या माणसाला दिवसाला १० मिग्रॅ हॅलोपेरिडॉल ही काही किरकोळ मात्रा नाही. अशा रुग्णांना कमी मात्रेवरही गुण येतो आणि दुष्परिणाम मात्र लवकर होतात. मात्रा ठरवणं डॉक्टरांचं काम आहे हे खरं. पण पहिल्यांदा औषध घेणारा तरुण, जास्त ताकदीचं जुनं अँटिसायकोटिक आणि झपाट्याने चढवलेली मात्रा, हे तिन्ही एकत्र दिसले की हालचालींच्या दुष्परिणामांकडे डोळे लावून बसणं हे आपलं काम. आम्ही बसलो नव्हतो.

काय घडलं

तिसऱ्या दिवसापर्यंत सगळं बरं चाललं होतं. रात्री सहा तास झोप लागली. सकाळी राउंडला तो म्हणाला, “आवाज आहेत, पण लांब गेलेत.” चौथ्या दिवशी दुपारनंतर त्याच्या येरझारा सुरू झाल्या. वॉर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, रबरी चपलांचा फटफट आवाज करत. जेवायला बसला आणि दोन घासांत उठला. संध्याकाळच्या हँडओव्हरमध्ये शब्द आला: “अस्वस्थ आहे, लक्ष ठेवा.”

त्या आठवड्यात रात्रपाळी माझी होती. साडेअकराला बाकीचे रुग्ण कुरकुरायला लागले. मी त्याला पलंगावर बसायला सांगितलं. तो बसला, उठला, परत बसला, परत उठला. काहीतरी पुटपुटला. मी म्हणाले, “शांत बसलात तर इंजेक्शन द्यावं लागणार नाही.” तो पुन्हा उठला. मी एसओएस दिलं. तो चार तास झोपला. माझी नोंद अशी आहे:

“रुग्ण अस्वस्थ, बसत नाही, सूचना पाळत नाही. एसओएस दिले. परिणाम चांगला.”

या नोंदीतला एकही शब्द खोटा नाही, आणि तरी तिने पुढच्या दोन दिवसांची दिशा चुकवली. पाचव्या दिवशी सकाळी राउंडला डॉक्टरांनी ती वाचली. आजार आटोक्यात येत नाही असा अर्थ निघाला आणि हॅलोपेरिडॉल दिवसाला १५ मिग्रॅ झालं. त्या रात्री तो आणखी चालला. माझ्या सहकारी स्टाफने दहाला एक आणि पहाटे साडेतीनला एक, अशी दोन एसओएस दिली. मीही तिथेच होते, मान डोलावली.

आता बेरीज करून बघा. तोंडाने १५, सुईने १०, एकूण चोवीस तासांत २५ मिग्रॅ. ही बेरीज औषधतक्त्यावर कुठेही नव्हती, कारण नियमित औषधं एका पानावर आणि एसओएस दुसऱ्या पानावर. शिवाय मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जोडणंही पूर्ण बरोबर नाही. तोंडाने घेतलेल्या हॅलोपेरिडॉलपैकी साधारण ६० ते ७० टक्केच रक्तात पोहोचतं, स्नायूत दिलेलं जवळपास सगळं. म्हणजे सुईतले १० हे गोळीतल्या १० पेक्षा जास्तच भरतात.

आणि झोपेने आम्हाला फसवलं. इंजेक्शननंतर तो झोपायचा, म्हणून “परिणाम चांगला”. ती झोप बरीचशी प्रोमेथाझिनची होती. अकॅथिसियाची तगमग झोपेत थांबते. जाग आली की परत सुरू, आणि आता रक्तात हॅलोपेरिडॉल आधीपेक्षा जास्त. दुष्परिणामावर त्याच औषधाचा आणखी एक डोस, असं ते चक्र होतं. प्रत्येक फेरीला आम्ही ‘परिणाम चांगला’ लिहीत होतो.

तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीची वही

सहाव्या दिवशी सकाळी माझी पाळी संपली होती. टेबलाशी बसून रजिस्टर पुरं करत होते. तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी वही घेऊन आली. तिला प्रोसेस रेकॉर्डिंग लिहायचं होतं, म्हणजे रुग्णाशी झालेलं संभाषण शब्द न बदलता, ‘मी म्हणाले’ आणि ‘रुग्ण म्हणाला’ अशा दोन रकान्यांत. वॉर्डातल्या जुन्या स्टाफला हा प्रकार कारकुनी वाटतो. मलाही वाटायचा. तिच्या वहीतला भाग तिच्या परवानगीने देते:

मी: दादा, तुमच्याबरोबर चालू का?
रुग्ण: चाला. थांबवू नका फक्त.
मी: थांबलात तर काय होतं?
रुग्ण: पायात आतून वळवळ सुटते. पिळवटल्यासारखं होतं. बसवत नाही हो.
मी: आवाज सांगतात का, चाल म्हणून?
रुग्ण: नाही. आवाज कमी झालेत. हे आवाजांचं नाही, हे पायांचं आहे.
मी: चाललं की बरं वाटतं?
रुग्ण: तेवढ्यापुरतं.
मी: हे कधीपासून होतंय?
रुग्ण: तुमच्या गोळ्या सुरू झाल्यावर तीन दिवसांनी. रात्रीच्या सिस्टरांना सांगितलं मी. त्या म्हणाल्या बसा, बसलात तर इंजेक्शन नाही. बसवलं नाही.
मी: (काही बोलले नाही.)
रुग्ण: असंच राहणार असेल तर जगून काय करायचं?

रात्रीच्या सिस्टर म्हणजे मी. तो त्या रात्री काय पुटपुटला होता ते मला इथे कळलं.

‘बसत नाही’ आणि ‘बसवत नाही’ यांत एका अक्षराचा फरक आहे. पहिल्यात हट्ट वाचला जातो, दुसऱ्यात असमर्थता आहे. मराठी क्रियापदाने निदान जवळजवळ करूनच दिलं होतं. लिहिताना मी ते खोडून टाकलं. हा छळ शब्दांत सांगणं रुग्णाला फार अवघड जातं, त्यामुळे तो काय शब्द वापरतो याला मोल आहे. कोणी म्हणेल अंगात मुंग्या धावतात, कोणी म्हणेल कातडीतून बाहेर यावंसं वाटतं, कोणी नुसतंच ‘कसंतरी होतंय’ म्हणून रडेल. हे शब्द भ्रम म्हणून नोंदले जायचा धोका असतो. आमच्या रुग्णाने पाचव्या दिवशी “गोळ्यांत काहीतरी घालता तुम्ही” म्हटलं होतं आणि ते ‘संशयी विचार कायम’ असं नोंदलं गेलं. तो अंशतः बरोबर होता, हे मान्य करायला आम्हाला आणखी एक दिवस लागला.

निदानाकडे जाताना

अकॅथिसिया या शब्दाचा ग्रीक अर्थच मुळी ‘न बसवणं’ असा आहे. चेक मज्जाविकारतज्ज्ञ लादिस्लाव हाश्कोवेत्स यांनी तो १९०१ मध्ये वापरला. पहिलं अँटिसायकोटिक, क्लोरप्रोमाझिन, १९५२ मध्ये आलं, म्हणजे शब्द औषधांपेक्षा पन्नास वर्षं जुना. आज मात्र तो आपल्याला भेटतो तो बहुतेक औषधांमुळेच, आणि बहुधा औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा वाढवल्यावर काही दिवसांत ते काही आठवड्यांत.

त्या सकाळी वही वाचून मी लगेच डॉक्टरांना फोन करायला निघाले होते. विद्यार्थिनीनेच विचारलं, “सिस्टर, टीपीआर घेऊ का आधी?” टीपीआर म्हणजे ताप, नाडी, श्वास यांची मोजणी. बरं झालं विचारलं. ताप ९८.८ अंश फॅरनहाइट, नाडी ९६, रक्तदाब १२४/८०. हातपाय वाकवून पाहिले, ताठरपणा नव्हता, घाम नव्हता. शुद्ध, दिवस, जागा सगळं नीट. म्हणजे न्यूरोलेप्टिक मॅलिग्नंट सिंड्रोमची खूण दिसत नव्हती. तिथे ताप, शिशासारखा ताठरपणा, बदलती शुद्ध आणि खालीवर होणारा रक्तदाब असतो, आणि ती तातडीची अवस्था आहे. अँटिसायकोटिकवरचा रुग्ण अचानक बदलला तर ही तपासणी आधी, तर्क नंतर.

मग बाकीच्या शक्यता. तो सिगारेट ओढणारा होता आणि भरती झाल्यापासून बंद होती. निकोटिन सुटल्याची चिडचिड पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असते आणि मग उतरते. याची तगमग चौथ्या दिवशी सुरू होऊन चढत होती. दारूचा इतिहास नव्हता, हात थरथरत नव्हते. पायांच्या अस्वस्थतेचा दुसरा एक विकार असतो, पण तो संध्याकाळी-रात्री आडवं पडल्यावर वाढतो. याला दुपारी बारालाही तेच. आणि आजारच वाढला म्हणावं तर आवाज कमी झाले होते. ही विसंगती सर्वांत बोलकी होती: मन निवळत होतं आणि पाय बिघडत होते.

मग मी केसपेपर मागे उलटला आणि भावाचं वाक्य वाचलं. घरी तासन्‌तास एका जागी बसणारा माणूस. चालणं हे त्याच्या आजाराचं लक्षण कधी नव्हतंच. ते वॉर्डात आल्यावर सुरू झालं होतं.

एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनीही दिसली असती. तो थांबला की वजन या पायावरून त्या पायावर टाकत राहायचा, तापलेल्या वाळूवर उभा असल्यासारखा. प्रक्षुब्ध माणूस बहुधा कोणाकडे तरी, कशाकडे तरी झेपावतो. आवाज चढतो, नजर रोखलेली असते. हा कोणाकडेच जात नव्हता. नुसता जात होता. विद्यार्थिनीने चपला काढायला सांगितल्या तेव्हा डाव्या टाचेला फुटलेला फोड दिसला. दोन रात्री चालणाऱ्या माणसाचे पाय आमच्यापैकी कोणी पाहिलेच नव्हते.

कोणते पर्याय होते

ठरवायचं डॉक्टरांनी होतं, पण त्यांच्यासमोर काय ठेवायचं हे आम्हाला ठरवायचं होतं.

आहे तसंच चालू ठेवणं किंवा मात्रा आणखी वाढवणं, हा रात्रीच्या नोंदींवरून सहज निघणारा मार्ग होता. निदान चुकलं असेल तर सर्वांत घातकही तोच. त्याला बांधून किंवा वेगळ्या खोलीत ठेवावं अशीही सूचना एका सहकाऱ्याने केली, बाकीच्यांची झोप मोडते म्हणून. ज्याला चालल्यानेच जरा आराम मिळतो त्याचं चालणं बंद करणं म्हणजे काय, याचा मिनिटभर विचार केला की पुरे.

ट्रायहेक्सिफेनिडिल सुरू करा, असंही सुचवलं गेलं. वॉर्डात कोणताही हालचालींचा दुष्परिणाम दिसला की हात आपसूक त्याच गोळीकडे जातो. मान वाकडी होणं, डोळे वर चढणं किंवा पार्किन्सनसारखा ताठरपणा यांवर ते औषध चांगलं. नुसत्या अकॅथिसियावर त्याचा भरवसा कमी. विद्यार्थ्यांची इथे हमखास गल्लत होते.

उरले तीन मार्ग, आणि ते एकमेकांना पूरक होते: हॅलोपेरिडॉल कमी करणं, प्रोप्रॅनोलॉलसारखं (मुळात रक्तदाब-हृदयासाठीचं) औषध जोडणं, किंवा अँटिसायकोटिकच बदलणं. प्रत्येकाला किंमत होती. मात्रा कमी केली तर आवाज परत येऊ शकतात. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णाला चालत नाही आणि नाडी-रक्तदाब उतरवतं. औषध बदलायचं तर नव्याचे दुष्परिणाम वेगळे. लोराझेपामने थोडे दिवस आराम पडतो, पण तेवढ्यावर थांबलं तर मूळ कारण तसंच राहतं.

काय केलं

माझा पहिला फोन फसला. मी निवासी डॉक्टरांना म्हणाले, “तो अजून अस्वस्थ आहे, अकॅथिसिया वाटतोय.” ते शस्त्रक्रिया विभागातल्या दुसऱ्या रुग्णाकडे होते. उत्तर आलं, “पॅरानॉइड आहे तो. लोराझेपाम द्या, राउंडला बघू.” चूक त्यांची म्हणायची तर माझं वाक्यही तसंच होतं. पुन्हा ‘अस्वस्थ’, आणि वर एक मत. त्यात माहिती काहीच नव्हती.

दहा मिनिटांनी कागदावर लिहून काढून पुन्हा फोन केला: “चौथ्या दिवसापासून येरझारा. त्याआधी घरी एका जागी बसून असायचा. आवाज कमी झालेत, चालणं वाढलंय. पायात वळवळ होते, बसवत नाही असं स्वतः म्हणतो, चालल्यावर तात्पुरतं बरं वाटतं. काल चोवीस तासांत हॅलोपेरिडॉल एकूण २५ मिग्रॅ गेलंय. ताप नाही, ताठरपणा नाही. आज जगून काय करायचं असं म्हणाला. एसओएस मी थांबवून ठेवते आहे. सकाळचा नियमित डोस द्यायच्या आत तुम्ही येऊन बघावं असं मला वाटतं.” पलीकडे क्षणभर शांतता. “पंचवीस?” मग, “येतो.”

इथे अधिकाराची रेषा नीट समजून घ्या. एसओएस द्यायचं की नाही हा परिचारिकेचा निर्णय असतो, त्यामुळे ते न देणं माझ्या हातात होतं. नियमित डोस मात्र मी आपल्या मनाने रोखून गप्प बसू शकत नाही. शंका आली की डोसच्या वेळेआधी डॉक्टरांना कळवायचं, काय सांगितलं आणि काय उत्तर आलं ते वेळेसह लिहायचं. पटलं नाही तर वरिष्ठांना फोन करायचा.

डॉक्टर येईपर्यंत अर्धा तास गेला. त्या वेळात मी त्याला थेट विचारलं: “मघाशी म्हणालात जगून काय करायचं. स्वतःला संपवावं असं मनात येतंय का?” तो म्हणाला, “काल रात्री आलं होतं.” असं विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. तीव्र अकॅथिसिया आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध माहीत असताना न विचारणं हाच निष्काळजीपणा. पुढे त्याला विचारलं की काही ठरवलं होतं का, आत्ता मनात आहे का. ठरवलेलं काही नव्हतं. तरीही त्याच्यासोबत सतत एक माणूस, हाताच्या अंतरावर, असं ठरलं. हा माणूस पहारेकरी वाटू नये म्हणून विद्यार्थिनी आणि एक स्टाफ आळीपाळीने त्याच्यासोबत चालत राहिल्या. बसा म्हणायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. पाणी देत राहिलो, टाचेला ड्रेसिंग केलं.

डॉक्टरांनी बार्न्स अकॅथिसिया मापनश्रेणी वापरली. ही १९८९ मधली, आणि करायला सोपी आहे: रुग्णाला बसवून आणि उभं करून, प्रत्येक स्थितीत निदान दोन मिनिटं गप्पा मारत बघायचं आणि मग आतून काय वाटतं ते विचारायचं. तो दोन मिनिटं बसला, पण बसल्या बसल्या चपलेने फरशी खरवडत राहिला आणि दोन्ही मुठी मांड्यांवर दाबून धरल्या होत्या. उभा राहिला तर एकदाही दोन्ही पाय एकत्र टेकले नाहीत. एकूण गुण ५ पैकी ४.

हॅलोपेरिडॉलचं एसओएस रद्द झालं, नियमित मात्रा १५ वरून ५ मिग्रॅवर आली. दमा नाही याची भावाला फोन करून खात्री केली आणि प्रोप्रॅनोलॉल १० मिग्रॅ दिवसातून दोनदा सुरू झालं, पुढे २० मिग्रॅ दोनदा. नाडी ६० च्या खाली किंवा वरचा रक्तदाब १०० च्या खाली असेल तर डोस थांबवून कळवा, असं डॉक्टरांनी लिहून दिलं. लोराझेपाम काही दिवसांपुरतं दिवसाही.

सातव्या रात्री काय झालं

मला सर्वांत नाजूक वाटते ती ही रात्र, निदानाची सकाळ नव्हे. तो अजून चालतच होता. नव्या स्टाफने विचारलं, “सिस्टर, औषध देऊनही हा असाच आहे. मग अकॅथिसिया कशावरून?” प्रश्न रास्त होता. उत्तर औषधाच्या गतीत आहे: हॅलोपेरिडॉल शरीरातून निम्मं जायला साधारण एक दिवस, कधी त्याहून जास्त लागतो. दोन दिवसांत साचलेलं एका रात्रीत ओसरत नाही. औषधतक्त्याच्या वर आम्ही कागद टाचला: “येरझारा = अकॅथिसिया. हॅलोपेरिडॉल एसओएस देऊ नये. सोबत चाला. वाढल्यास डॉक्टरांना फोन.” तो कागद नसता तर त्या रात्री कोणीतरी नवा एसओएस लिहून घेतला असता असं मला आजही वाटतं.

परिणाम

आठव्या रात्री पाच तास झोप, इंजेक्शनशिवाय. नवव्या दिवशी तो पूर्ण जेवण बसून जेवला. बार्न्सचा एकूण गुण २ वर आला. आत्महत्येचा विचार तगमगीबरोबरच ओसरला, तरी सततचं लक्ष आणखी दोन दिवस चालू ठेवलं आणि मग टप्प्याटप्प्याने कमी केलं.

दहाव्या-अकराव्या दिवशी, भीती होती तसंच, आवाज थोडे जवळ आले. हॅलोपेरिडॉल टप्प्याने बंद करून ओलॅन्झापाइन हे नव्या पिढीचं अँटिसायकोटिक रात्री १० मिग्रॅ सुरू झालं. त्याआधी वजन, कमरेचा घेर, उपाशीपोटी साखर आणि चरबीची तपासणी करून ठेवली. विसाव्या दिवशी तो घरी गेला. दुसऱ्या महिन्याच्या भेटीत वजन चार किलोंनी वाढलं होतं आणि तो नाराज होता. तगमग गेली पण पॅन्ट होईना, असं त्याचं म्हणणं. आहार, चालणं आणि पुढच्या तपासण्यांचं बोलणं तिथून सुरू झालं. सगळं छान झालं असं म्हणता येईल असा हा शेवट नाही.

विश्वासाचं काय झालं ते सांगायला हवं. सहाव्या दिवशी दुपारी प्रोप्रॅनोलॉलची पहिली गोळी त्याने घ्यायला नकार दिला. साहजिकच होतं. मी घरी न जाता थांबले होते. त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, “तुमच्या पायांना जे होतंय ते आमच्या औषधामुळे आहे. तुम्ही मला त्या रात्री सांगितलंत आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं.” तो बराच वेळ चालला. मग विचारलं, “मग वेड नाही ना हे?” मी म्हणाले, “हे पायांचं आहे. तुम्हीच सांगितलंत.” त्याने गोळीचं पाकीट हातात घेऊन नाव वाचलं आणि गोळी घेतली. त्यानंतर प्रत्येक गोळी आम्ही त्याच्यासमोर पाकिटातून काढत राहिलो.

डिस्चार्ज कार्डावर पहिल्या मसुद्यात ‘हॅलोपेरिडॉलची ॲलर्जी’ असं आलं होतं. ते दुरुस्त करून घेतलं. अकॅथिसिया ही ॲलर्जी नाही, मात्रेशी जोडलेला दुष्परिणाम आहे. चुकीचा शब्द पुढच्या डॉक्टरला चुकीच्या दिशेला नेतो. भावालाही समजावलं की उलटी थांबवायला दिलं जाणारं मेटोक्लोप्रमाइडही असाच त्रास देऊ शकतं, आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलं तरी हे कार्ड दाखवायचं.

आता वेगळं काय करेन

पहिल्या डोसच्या आधी रुग्णाला दोन मिनिटं बसवून आणि दोन मिनिटं उभं करून बघेन आणि जे दिसेल ते लिहीन. नंतर तुलना कशाशी करायची, हा प्रश्नच मग उरत नाही. पुढे मात्रा बदलली की पुन्हा. नव्या पिढीच्या औषधांवर असलेल्या रुग्णांतही हेच. ओलॅन्झापाइन किंवा क्वेटियापाइनवर हा त्रास कमी दिसतो, पण ॲरिपिप्राझोलवर चांगलाच दिसतो आणि काही नैराश्यविरोधी औषधांवरही. “नवीन औषध आहे, त्याला कसला अकॅथिसिया” हे वाक्य मी सुशिक्षित तोंडांतून ऐकलं आहे.

एसओएस देण्याआधी रुग्णाला विचारेन की आत काय होतंय, आणि उत्तर त्याच्या शब्दांत लिहीन. आमच्या वॉर्डात आता एसओएसच्या नोंदीत तीन गोष्टी लागतात: रुग्ण काय म्हणाला, पाय काय करत होते, गेल्या चोवीस तासांत हे औषध एकूण किती गेलं. सुरुवातीला तक्रारी झाल्या, वेळ जातो म्हणून. जातो खरा, दीड मिनिट.

‘परिणाम चांगला’ हे मी लिहिणं सोडलं आहे. ‘पावणेबाराला झोप, पावणेचारला जाग, जाग येताच येरझारा’ असं लिहिलं असतं तर पाचव्या दिवशीच्या राउंडला कोणाला तरी प्रश्न पडला असता.

एका मुद्द्यावर आमच्यात अजून एकमत नाही. विद्यार्थिनीच्या शिक्षिकेचं म्हणणं, तिने शेवटचं वाक्य ऐकल्यावर संभाषण तिथेच पुढे न्यायला हवं होतं, आत्महत्येबद्दल स्वतः विचारायला हवं होतं. माझं मत वेगळं. ती घाबरली होती, तिने ते ओळखलं आणि वही घेऊन तीन मिनिटांत टेबलाशी आली. तिसऱ्या वर्षाला एवढं पुरेसं आहे. मात्र येताना तिने त्याला एकटं सोडलं होतं, त्याच्यासोबत कोणाला तरी उभं करून यायला हवं होतं, हे तिने स्वतःच नंतर वहीच्या खाली लिहिलं.

माझी चौथ्या रात्रीची नोंद केसपेपरवर आहे तशीच आहे. नोंद खोडायची नसते. तिच्यापुढे सहाव्या दिवसाची तारीख आणि वेळ घालून मी उशिराची नोंद केली: “दिवस ४, रात्री ११.३० च्या नोंदीसंदर्भात: रुग्णाच्या सांगण्यानुसार त्याने ‘बसवत नाही’ असे म्हटले होते. ते तेव्हा नोंदवले गेले नाही.” खाली सही.